वाहती जखम

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या एका स्त्रीची हकिकत येते. तिच्यावर प्रवचने पुष्कळ होतात आणि ती बहुधा श्रद्धेवर होतात. आम्हांस मात्र त्या हकिकतीतील दोन साध्या गोष्टींकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. पहिली अशी, की तिचे शरीर वाहत होते, आणि लेवीय ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे वाहत्या शरीराचे माणूस, मग ती स्त्री असो की पुरुष, अशुद्ध ठरत असे. ते ज्यावर बसले ते आसन, ज्यावर निजले ते अंथरूण, इतकेच नव्हे तर त्याला ज्याने स्पर्श केला तोही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. दुसरी गोष्ट अशी, की असे असूनही ती गर्दीत शिरली. वैद्यांच्या पायी तिने होते-नव्हते ते घालविले होते. बरे होण्याची ओढ तिला होतीच. परंतु बारा वर्षांनंतर माणसांत येण्याची ओढ त्याहून कमी असेल असे आम्हांस वाटत नाही. प्रभूने तिला गर्दीसमोर बोलते केले आणि कन्या म्हणून हाक मारली, ती त्यामुळेच असावी.

लेवीय नियम आज कोणी पाळीत नाही. परंतु सकाळच्या वेळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये तीळ ठेवायला जागा नसते, आणि तेथेही ज्याच्या पायाची पट्टी भिजून तिला वास येऊ लागला आहे त्याच्याभोवती हातभर जागा आपोआप मोकळी होते. कोणी त्याला काही बोलत नाही. रुमाल मात्र नाकाला लागतात. पुढच्या स्टेशनावर तो उतरून जातो, आणि काही महिन्यांनी तो घराबाहेर पडणेच बंद करतो. चर्चमध्ये येणेही बंद करतो. आम्ही चौकशी केली तर घरची मंडळी सांगतात, 'फादर, त्यांना आता चालवत नाही.' चालवत असते; बसवत नसते.

ज्या जखमेतून फार स्राव येतो तिच्यावर जी शोषक पट्टी बांधतात, तिच्याविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. एवढ्याशा वस्तूत नीतिशास्त्राचा कसला प्रश्न, असे कोणास वाटेल. आम्हांस तो मोठा वाटतो.

आधी वस्तूविषयी थोडे. जखमेतून झिरपणारी लस मुळात वाईट नव्हे. नव्या जखमेत तीच पेशींना ओलावा आणि पोषण पुरविते. जखमेला हवा लागू द्यावी, खपली धरू द्यावी, असे आपल्या आज्या सांगत आल्या. परंतु १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखविले की ओलसर राखलेली वरवरची जखम उघडी सुकू दिलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने त्वचा धरते. आजची पट्टी-विद्या या शोधावर उभी आहे. पण महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमेची गोष्ट निराळी. फुगलेल्या शिरांमुळे घोट्यापाशी झालेला व्रण, मधुमेह्याच्या तळपायाची जखम, पाठीला अंथरूण लागून झालेली जखम, कर्करोगाची गाठ कातडी फोडून बाहेर आल्यामुळे झालेली जखम, यांतील लस प्रमाणाबाहेर वाहते. तिच्यातील विकरे नव्याने धरू पाहणाऱ्या मांसालाच खाऊ लागतात, आणि भोवतालची निरोगी कातडी भिजून पांढरी पडते, सुरकुतते, सोलवटते. भातलावणीच्या दिवसांत शेतात उभे राहणाऱ्यांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, तसाच हा प्रकार. म्हणजे जखम आपल्याच पाण्याने आपली हद्द वाढवीत जाते. अशा जखमेला कोरडीठाक न करता तिचे जास्तीचे पाणी तेवढे उचलून घेणारे काहीतरी लागते.

हे काहीतरी माणसाने नाना ठिकाणी शोधले. इंग्लंडातील बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० साली गॉजच्या दोन पदरांमध्ये कापसाचा जाड थर घालून पट्टी केली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात कापूस अपुरा पडला तेव्हा स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या दलदलीतील शेवाळ गोळा करून, वाळवून सैनिकांच्या जखमांवर बांधले गेले; ते आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते. पुढे समुद्रातील तपकिरी शेवाळापासून काढलेल्या तंतूंच्या पट्ट्या आल्या, स्पंजासारख्या फोमच्या आल्या, आणि तान्ह्या मुलांच्या डायपरमध्ये जी भुकटी ओल धरून ठेवते तिच्या जातीच्या पदार्थाच्याही आल्या. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. केळीचे पान पाणी शोषत नाही, पण चिकटतही नाही. काढताना माणूस कळवळत नाही. आपल्या परसातील वस्तूला विज्ञानाच्या कसोटीवर लावण्याचे हे धैर्य आम्हांस फार भावते.

बाजारातील आधुनिक पट्ट्यांची किंमत एकेका नगाला शेकड्यांत जाते. म्हणून घरीच मरणोन्मुख माणसाची सेवा करणारी अनुभवी मंडळी स्वच्छ धुतलेले सुती कापड कुकरमध्ये वाफवून घेतात, जखमेला लागणाऱ्या पदराला व्हॅसलिन लावतात, आणि वरून बायकांचे सॅनिटरी पॅड बांधतात. ते बऱ्यापैकी काम देते. वास सुटत असेल तर तो हवेवाचून जगणाऱ्या जंतूंचा असतो, आणि त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड टाकतात. सत्तरीच्या पुरुषाच्या छातीला ते पॅड बांधायचे म्हटले की घरात काय कुजबुज होते हे आम्ही ऐकले आहे. औषधाच्या दुकानातून ते वर्तमानपत्रात गुंडाळूनच मिळते, आणि ते आणायला मुलगा जात नाही, सून जाते. या सुनेकडे आम्ही पुढे येऊ.

पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यावयास घरोघर जातो. खोलीतला विधी झाला की बहुतेक घरी कोणीतरी पॅसेजमध्ये आम्हांस गाठते आणि हलक्या आवाजात प्रश्न विचारते. तो वेगवेगळ्या शब्दांत आम्ही अनेकदा ऐकला आहे. डॉक्टरांनी सांगितले आहे की ही जखम आता भरणार नाही. मग दिवसातून दोनदा पट्टी बदलण्याचा हा खर्च आणि हे हाल कशासाठी? विचारणारी माणसे निर्दय नसतात. ती थकलेली असतात, आणि पुष्कळदा कर्जातही असतात. म्हणून या प्रश्नाला झटकून टाकता येत नाही.

आपल्या नीतिशास्त्राने उपचारांचे सामान्य आणि असामान्य असे दोन भाग फार पूर्वीच केले आहेत. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांशी बोलताना ते स्पष्ट केले, आणि १९८० सालच्या रोमच्या घोषणापत्रात ते पुन्हा आले. ज्या उपचाराचे ओझे त्याच्या लाभाच्या मानाने फार होते तो नाकारला तर पाप नाही. तेव्हा आमच्या पॅसेजमधील माणसाचे म्हणणे असे मांडता येईल: पट्टीचा लाभ शून्य, कारण जखम भरणार नाही, ओझे मात्र रोजचे. म्हणून ती असामान्य.

या युक्तिवादातील चूक लाभाच्या व्याख्येत आहे. पट्टीचा हेतू जखम बुजविणे एवढाच धरला, तर तो हिशोब बरोबर आहे. पण शोषक पट्टीचे काम पाहा. ती लस उचलते म्हणून कपडे भिजत नाहीत. कपडे भिजत नाहीत म्हणून वास पसरत नाही. वास पसरत नाही म्हणून नात जवळ येऊन बसते, शेजारीण चहाला थांबते, आणि आजारी माणूस स्वतःच्या देहाची लाज वाटल्यावाचून चार घास खातो. रात्री अंथरूण ओले होत नाही म्हणून त्याला झोप लागते. हे सारे लाभ आहेत, आणि जखम मरेपर्यंत उघडी राहिली तरी ते रोज मिळतात. अन्न, पाणी, स्वच्छता यांच्या रांगेत ही पट्टी बसते. रोमच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने २०२० साली चांगल्या शोमरोनीच्या नावाने जे पत्र प्रसिद्ध केले त्याचा गाभाही हाच आहे: जो बरा होणार नाही त्याचीही शुश्रूषा करावयाची असते, आणि ती कधी संपत नाही. मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या शांती आवेदना सदनात, भारतातील त्या पहिल्या हॉस्पिसमध्ये, धर्मभगिनी हेच करीत आल्या आहेत. तेथे रुग्ण बरा होऊन घरी जाण्यासाठी दाखल होत नाही, आणि तरीही रोज सकाळी जखमा धुतल्या जातात.

येथे एक कठीण जागा आहे आणि ती टाळून पुढे जाणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. संतांच्या चरित्रांनी आपल्याला निराळेच काही शिकविले आहे. सिएनाच्या संत कॅथरीनची कथा वाचकांपैकी काहींनी वाचली असेल. आंद्रेआ नावाच्या एका स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला होता. जखमेच्या दुर्गंधीमुळे तिच्याजवळ कोणी थांबेना. कॅथरीन थांबली. एके दिवशी पट्टी सोडताना तिला मळमळले, तेव्हा स्वतःच्या किळसेचा तिला इतका संताप आला, की जखम धुतलेले पाणी ती प्यायली. तिचे चरित्रकार कापुआचे रेमंड यांनी हे आदराने लिहून ठेवले आहे. किळस जिंकणे हीच करुणेची परमावधी, असे आपण त्यातून घेत आलो.

परंतु रेमंड यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती आपण सहसा सांगत नाही. ही आंद्रेआ कॅथरीनवर उलटली. जी तिची सेवा करीत होती तिच्याच चारित्र्याविषयी तिने कंड्या पिकविल्या, आणि पुढे पश्चात्ताप होऊन त्या मागे घेतल्या. चरित्रकार याला सैतानाची करणी म्हणतात. आम्ही संतपदाविषयी शंका घेत नाही. परंतु खाटेवर पडलेल्या आंद्रेआच्या बाजूने आम्हांस विचार करावासा वाटतो. समोरची माणसे नाक दाबतात हे तिने पाहिलेच होते. आता समोर अशी एक तरुणी होती, की जिच्या दृष्टीने तिची जखम हे आत्मविजयाचे मैदान झाले होते. दुसऱ्याच्या पुण्याचे साधन होणे कोणाला आवडेल? ज्याच्या जखमेला वास येतो त्याला आपला वास येतो हे ठाऊक असते. आपण तो किती धैर्याने सोसतो हे दाखविण्याने त्याची लाज कमी होत नाही, वाढते.

मोलोकाईच्या संत डेमियन यांची रीत आम्हांस म्हणूनच अधिक जवळची वाटते. हा बेल्जियन धर्मगुरू १८७३ साली हवाई बेटांतील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत गेला, स्वतःच्या हाताने जखमा बांधीत राहिला, आणि त्याच रोगाने १८८९ साली वारला. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली त्याला संतपद दिले. रुग्णांच्या झोपड्यांतील दुर्गंध त्याला प्रारंभी सहन होत नसे. त्याने काय केले? तो पाइप ओढू लागला. तंबाखूच्या धुराने वास दबे आणि त्याला रुग्णाजवळ अधिक वेळ बसता येई. कोळशाची पूड घातलेल्या, वास शोषणाऱ्या पट्ट्या त्याच्या हाती नव्हत्या. असत्या तर त्याने पाइप खिशात ठेवून त्या वापरल्या असत्या, असे आम्हांस खात्रीने वाटते. किळस ही देहाची गोष्ट आहे. तिच्याशी झुंज घेण्यापेक्षा तिचे कारण दूर करता येत असेल, तर तेच रुग्णाच्या बाजूचे आहे. मग सेवेला संत लागत नाही. साधा, भित्रा, दमलेला माणूसही ती करू शकतो, आणि आपल्या धर्मग्रामात अशीच माणसे जास्त आहेत.

आता याच पट्टीची दुसरी बाजू. जी लाज झाकते ती दोषही झाकू शकते.

कल्याणला पत्रीपुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरोगातून गेलेल्या माणसांची वसाहत आहे. डोंबिवलीचे गजानन माने यांनी तेथील माणसांसाठी अनेक वर्षे काम केले. नौदलात सेवा केलेल्या या गृहस्थांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पुलावरून रोज जाणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना ती वसाहत ठाऊक आहे? कुष्ठरोगाचे जंतू आज सहा महिन्यांच्या किंवा वर्षभराच्या औषधांनी मरतात; १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने ही क्रांती केली. पण मेलेल्या मज्जा परत येत नाहीत. पायाला संवेदना नसते, खडा टोचला तरी कळत नाही, आणि तळव्याला जखम होऊन ती वाहू लागते. जंतू गेले, रोग गेला, जखम राहिली. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला दाखविले की बोटे झडतात ती वेदना हरपल्यामुळे, मांस सडण्याच्या कोण्या शापामुळे नव्हे. आणि अशा पायाला मलमापेक्षा विश्रांती, प्लास्टर आणि मऊ रबराची चप्पल हवी. कितीही चांगली शोषक पट्टी बांधा. त्या पायावर उभे राहून जो दिवसभर पोट भरतो त्याची जखम भरणार नाही. पट्टी फक्त ती दृष्टिआड करील.

हे मधुमेह्यालाही लागू आहे. साखर आटोक्यात नाही, पायावरचा भार हलत नाही, आणि पट्टी मात्र दिवसेंदिवस जाड होत जाते. शिरांच्या व्रणाला घट्ट दाबपट्टी लागते, तीही रोहिणीतील रक्तप्रवाह तपासून घेतल्यावरच. स्राव एकाएकी वाढला, त्याचा रंग पालटला, ताप आला, तर जखम काहीतरी सांगत असते. सारे गिळून टाकणारे पॅड लावून तिचे तोंड बंद करणे म्हणजे निरोप्यालाच हाकलून देणे. म्हणून जाणत्या परिचारिका काढलेली पट्टी टाकण्याआधी उलगडून पाहतात. किती भिजली, कशाने भिजली, ओल कडेपर्यंत आली काय. चिकटलेली पट्टी त्या ओढीत नाहीत. उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्याने भिजवून सोडवितात. उघड्या जखमेकडे असे पाहता येणे ही विद्याही आहे आणि सभ्यताही. आपल्या समाजाने वसाहती वस्तीबाहेर नेल्या, मुंबईत १८९० साली बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे केले, त्यामागे दयाही होती आणि रस्ते साफ दिसावेत ही इच्छाही. झाकणारा हात यांपैकी कशासाठी झाकतो, हे त्या हाताच्या धन्यालाच ठाऊक.

चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात आम्हांस नेहमी शेवटचा भाग महत्त्वाचा वाटत आला आहे. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या बांधतो, हे सर्वांना पाठ असते. पण दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो, आणि अधिक लागले तर परत येताना देईन असे सांगून आपल्या वाटेने जातो. म्हणजे खर्चाचा हिशोब प्रभूने दाखल्यातून वगळला नाही. आणि रोज पट्टी कोण बदलील याचीही व्यवस्था त्यात आहे: जो ती बदलील त्याला तिचे मोल मिळेल.

आपल्या घरांत ते कोणाला मिळते? घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतीत परिचारिका घरी येते. कल्याण पूर्वेच्या चाळीत सून पहाटे पाणी आले की आदल्या दिवशीची फडकी धुते, उकळते, दोरीवर आतल्या बाजूने वाळत घालते, कारण बाहेर घातली तर शेजारी बोलतात. मग डबे करून आठच्या गाडीला धावते. घरातले पुरुष तिच्या त्यागाची स्तुती करतात. आम्हीही व्यासपीठावरून करतो, आणि ती ऐकताना तिचा चेहरा कोरा असतो. तिला स्तुती नको आहे. तिला महिन्याला तीस चांगल्या पट्ट्या हव्या आहेत, आणि आठवड्यातून दोन वेळा तरी नवऱ्याने किंवा दिराने हात धुऊन तिच्या जागी बसायला हवे आहे. सणाच्या वर्गणीतून मंडपावर जे जाते त्याचा लहानसा वाटा या कपाटाकडे वळविता येईल की नाही, हा प्रश्न आम्ही आमच्या धर्मग्राम समितीपुढे ठेवला आहे. चर्चा चालू आहे. मंडपवाल्यांचा पक्ष प्रबळ आहे.

आणखी एक माणूस या साखळीत आहे, त्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. भिजलेली पट्टी शेवटी कचऱ्यात जाते. फडके धुवावे लागत नाही म्हणून सुनेचे हात सुटले, पण ती ओल नाहीशी झाली नाही. ती पॅडमध्ये बसून इमारतीच्या जिन्याखालच्या डब्यात उतरली. तेथून ती उचलणारा सफाई कामगार ओला आणि सुका कचरा पुष्कळदा उघड्या हातांनीच वेगळा करतो. ज्या जातींवर आपण पिढ्यान् पिढ्या हे काम लादले त्यांच्यापैकीच तो बहुधा असतो, आणि आपल्यातील काही कुटुंबांचे पूर्वजही त्याच वाटेने आले आहेत, हे विसरण्याजोगे नाही. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी असे पॅड वेगळे गुंडाळून द्यावे असे सांगितले. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचक स्त्रियांच्या सहकारी संस्थेने तर साधी मागणी केली: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हांला उघडून पाहावे लागणार नाही.

लाल पेन्सिल दहा रुपयांच्या आत मिळते. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्या आमच्या सेवकांच्या पिशवीत पुढच्या पहिल्या शुक्रवारपासून ती असेल, आणि ज्या घरी पट्टी चालू आहे तेथे जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यासह ती ठेवून यावी, असे त्यांना सांगितले आहे.